सडा पाहून घेतलेलं लॉज

लॉजचे मालक अप्पाराव गच्चीवरून ओरडत खाली आले तेव्हा मी काउंटरपाशी उभा राहून सकाळचा तिसरा चहा पीत होतो. त्यांच्या पायात चप्पल नव्हती, लुंगी अर्धी वर खोचलेली होती आणि दोन्ही हात हवेत होते.

"ट्यांक खाली! पूरा ट्यांक खाली!"

मला वाटलं, टाकी फुटली. मी शांतपणे म्हणालो, "लीकेज असेल, प्लंबर बोलवा."

"लीकेज नहीं जी! आपका पार्टी! आपका लेडीज लोग क्या कर रहा है ऊपर? हाथी धो रहा है?"

पार्टी म्हणजे आमच्या धंद्यात एकत्र फिरायला निघालेला गट. माझी पार्टी उदगीरच्या बायकांची होती, आणि त्या दिवस उजाडता उजाडता विशाखापट्टणमच्या त्या लॉजमध्ये उतरल्या होत्या. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. तो अजून कुणीही पाहिला नव्हता.

आता जरा मागे जातो. मी तेव्हा लातूरच्या एका ट्रॅव्हल्स ऑफिसात टूर मॅनेजर होतो. शब्द भारदस्त आहे. तिकिटं काढायची, लॉज ठरवायचं, माणसं गाडीत चढवायची, हरवलेली पिशवी शोधायची आणि शेवटी सगळ्यांची बोलणी खायची, या सगळ्याला मिळून ते नाव आहे. लातूर जिल्हा नवाच झाला होता. नवी ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर बदली होऊन साहेबलोक आले, आणि साहेबलोकांना सरकारी खर्चानं फिरायची सवलत होती. त्या सवलतीवर डोळा ठेवून आमचे मालक इनामदारसाहेब यांनी कलेक्टर ऑफिससमोर गाळा घेतला. बसची तिकिटं हा त्यांचा जुना धंदा, टूर हा नवा.

नव्याचे नऊ दिवस संपायच्या आत दुष्काळ पडला. साहेबलोकांच्या रजा बंद झाल्या. टूर विभागात मी आणि माझी खुर्ची एवढंच उरलं. इनामदारसाहेब येता-जाता त्या खुर्चीकडे बघायचे, आणि ते बघणं मला आवडायचं नाही.

अशात एक दिवस चन्नम्मा आक्का ऑफिसात आल्या. मी मूळचा उदगीरचा, त्यामुळे आक्कांना लहानपणापासून ओळखत होतो. त्यांच्या घराची मार्केटात आडत होती, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारं दुकान. आक्का कपाळाला भस्म लावून, पदर खोचून बोलायला लागल्या की मार्केटातले हमालसुद्धा गप्प ऐकायचे. बरोबर त्यांची जाऊ महादेवी होती. ती कमी बोलायची आणि जास्त हसायची.

"बसू, आमाला समुद्र बगायचाय," आक्का म्हणाल्या. बसू म्हणजे मी, बस्वराज.

"आक्का, या दुष्काळात?"

"दुष्काळ हाय मनूनच की! मार्केटात माल न्हाई. गडीमानसं दुकानात बसून माशा मारायलेत. मंग चार दिवस घर त्यांनी बगावं. भिशीचे पैसे आमचे हायेत, त्यांचे न्हाईत. आमच्या लाइनीतल्या समद्या बायका तयार हायेत."

मी कॅलेंडर काढलं. शिवरात्र झाल्यावरची तारीख बघू लागलो. आक्का खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का तुला? समुद्र न्हाई दिसला तरी चालंल. चार दिवस घागर उचलायची न्हाई बग. तेवढं कर."

मला पुढे काही विचारावं लागलं नाही. उदगीरला तेव्हा नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. पहाटे येईल, भर दुपारी येईल, आठवडाभर येणारही नाही. "नळ आला!" अशी गल्लीत आरोळी उठली की बाई तव्यावरची भाकरी सोडून पळायची. माझी आईही पळायची. भरलेली घागर कमरेवर घेताना ती तोंडातल्या तोंडात जे पुटपुटायची, तो मंत्र नक्कीच नव्हता.

"आक्का, शब्द देतो," मी म्हणालो. "चार दिवस घागरीला हात लावणार न्हाई तुमी."

महादेवी हसली. तिला बहुधा जास्त अंदाज होता.

इनामदारसाहेबांना ही पार्टी स्वर्गातून पडल्यासारखी वाटली. "बरखुरदार, सी-फेसिंग दे त्यांना," ते म्हणाले. सी-फेसिंग म्हणजे खिडकीतून समुद्र दिसणारी खोली. त्या खिडकीचे हॉटेलवाले वेगळे पैसे लावतात. "पण बजेट पार्टी आहे, हे ध्यानात ठेव. घाटा बिलकुल नको. आणि बायका खूश होऊन आल्या नाहीत तर तुझी ती खुर्ची मी तिकीट खिडकीत ठेवणार."

मी आधी एकटाच पाहणीला गेलो. उदगीरहून सिकंदराबाद, तिथून विशाखापट्टणम. नवख्या शहरात लॉज शोधू नये, आधी मोहल्ला शोधावा. खोली सगळीकडे सारखीच असते: कॉट, आरसा, भिंतीवर खिळा. खोलीच्या बाहेर काय आहे, त्यावर मुक्काम ठरतो.

पहिला मोहल्ला समुद्रालगतच्या रस्त्याचा. खिडकीतून समुद्र खरंच दिसत होता. मी मॅनेजरला बाथरूम दाखवायला सांगितलं आणि नळाचं पाणी तोंडात घेतलं. मचूळ. मॅनेजर म्हणाला, प्यायला टँकर येतो. टँकर हा शब्द ऐकायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो. जेवणाच्या खोलीत माशाचा वास भरला होता, आणि माझी पार्टी लिंगायत बायकांची. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. तो रस्ता बाद केला.

दुसरा मोहल्ला स्टेशनजवळचा. स्वस्त, शाकाहारी खानावळी भरपूर. पण कोपऱ्यावरच्या नळापुढे हंडे-कळश्यांची रांग लागली होती आणि एका हंड्यात त्याचा नंबर धरायला दगड ठेवला होता. तो दगड बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी तिथून लगेच निघालो.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्राकडून आत शिरणाऱ्या एका जुन्या वस्तीतून चाललो होतो. बैठी घरं, नारळाची झाडं, देवळाची घंटा. बायका दारात सडा टाकत होत्या. आपल्याकडे सडा म्हणजे हातानं शिंपडायचं पाणी, आणि त्या वर्षी तर तेही बंद होतं. उदगीरच्या बायका कोरड्या मातीवर रांगोळी काढत होत्या. इथल्या बायका बादली उचलून सरळ रस्त्यावर ओतत होत्या. एक ओतून झाली की दुसरी. पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं. मी तिथंच उभा राहून हसायला लागलो. एका बाईनं मला वेडा समजून झाडू उचलला.

त्याच गल्लीत अप्पारावांचं लॉज होतं. खोल्या साध्या, अंगणात स्वयंपाकाला शेड, स्वतःची बोअर, तिचं पाणी गोड. समुद्र खिडकीतून दिसत नव्हता, पण रात्री ऐकू येत होता. अप्पाराव छाती काढून म्हणाले, "ट्वेंटी फोर अवर वॉटर!" मी तिथल्या तिथं इसार दिला.

मोहल्ला मी शंभर नंबरी निवडला होता, हे आजही सांगतो. चूक माझ्या हिशेबात नव्हती. हिशेबात माझी माणसं नव्हती.

पार्टी सकाळी लॉजवर पोचली. बायकांनी स्वयंपाकाची भांडी गावाहून आणली होती: पातेली, परात, पूजेच्या कळश्या, आणि सांगूनही न ऐकता दोन पितळी घागरी. मी सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं, "इथं नळाला चोवीस तास पानी हाय. निवांत आंगूळी करा, पूजा करा, मग समुद्रावर जाऊ."

आक्का म्हणाल्या, "हौ. नगरपालिकेचे बी असंच मनले व्हते."

मी चहाला गेलो. पुढचं मला महादेवीनं नंतर सांगितलं. कुणीतरी एका खोलीत नळ सोडून बघितला. धो धो पाणी आलं. आणि त्या बाईच्या तोंडून सवयीनं आरोळी गेली, "आलंय! पानी आलंय! भरून घ्या!"

बस्स. सगळा मजला उठला. बादल्या भरल्या, घागरी भरल्या, पातेली भरली, परात भरली. डबे रिकामे करून धपाटे वर्तमानपत्रावर ठेवले आणि डबे भरले. जिना, व्हरांडा, खिडकीचा कट्टा, सगळीकडे काठोकाठ पाणी. एकजण तर थर्मासचा चहा ओतून तो भरायला निघाली होती. नळ थांबत नव्हता, म्हणून त्याही थांबत नव्हत्या. नळ चालू असताना हात बांधून उभं राहणं कुणालाच जमेना.

टाकी तळाला गेल्यावर अप्पारावांच्या माणसानं मोटर चालू केली. वर टाकीत पाणी पडायचं आणि खाली घागरीत जायचं. मोटर सकाळभर अखंड चालत राहिली, आणि शेवटी तिनं धूर सोडला.

अप्पाराव माझ्यापुढे उभे राहून हे सगळं तेलुगू, हिंदी आणि हातवारे अशा तीन भाषांत सांगत होते. लॉजमध्ये दुसरेही प्रवासी होते. एक बंगाली बाबू तोंडाला साबण लावून जिन्यात उभा होता आणि न दिसणाऱ्या माणसाला शिव्या देत होता. मी अप्पारावांना म्हणालो, शेजारून पाईप घेऊ. त्यांनी कपाळावर हात मारला. शेजाऱ्याबरोबर त्यांची भिंतीवरून कोर्टकेस चालू होती.

"मोटर कल शाम को आएगा," अप्पाराव म्हणाले. "आज शाम को आप रूम खाली करो. दूसरा लॉज देखो."

दुसरं लॉज म्हणजे एक तर मचूळ पाणी आणि टँकर, नाही तर स्टेशनजवळचा दगड ठेवलेला हंडा. मी आक्कांना दिलेला शब्द पहिल्याच सकाळी पाण्यात गेला होता.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. इनामदारसाहेबांचा ट्रंककॉल.

"काय बरखुरदार, दिसला का समुद्र?"

"नाही साहेब, अजून कुणी गेलं नाही."

"मग सकाळपासून काय करून राहिले?"

"पाणी भरून राहिले."

मग ते म्हणाले, "समुद्रावर जाऊन?" आणि लाइन कटली. ती कटली म्हणून मी देवाचे आभार मानले.

मी वर गेलो. आक्का व्हरांड्यात भरलेल्या भांड्यांच्या मधोमध बसल्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान की मला बोलवेना. तरी सांगितलं, मोटर जळाली, मालक खोल्या सोडायला सांगतोय.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. आधी चेहरा पडला. "अगं माय," त्या महादेवीला म्हणाल्या, "आपन दुसऱ्याची टाकी कोरडी केली गं." मग त्यांनी व्हरांड्यावरून नजर फिरवली आणि त्यांच्यातली आडतवाली जागी झाली. "पर बसू, मोटर जळाली, पानी कुटं जळालं? पानी तर हितंच हाय. बलाव त्या मालकाला."

अप्पाराव तणतणत वर आले आणि दारातच थांबले. आपली सगळी टाकी, परातीत आणि डब्यांत विभागलेली, त्यांना समोर दिसत होती.

आक्का तेलुगू बोलू लागल्या. उदगीरच्या मार्केटात तिकडचे व्यापारी येतात, त्यामुळे मोडकीतोडकी भाषा त्यांना येत होती. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या लॉजला आम्ही पाणी पुरवतो, असं त्यांनी सांगितलं. अप्पारावांनी मान हलवली. एवढ्याशा पाण्यात? लॉज भरलेलं आहे!

"एवढंसं?" आक्का माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या. "आरं, एवढ्या पान्यात आमच्या गल्लीतलं लगीन हुतंय."

मग त्या उठल्या आणि वाटणी सुरू झाली. घागरीतलं प्यायला. पातेल्यातलं स्वयंपाकाला. बादल्यांतलं आंघोळीला, माणशी एक, आणि तीही परातीत बसून करायची; परातीतलं पाणी संडासाला. भाजी धुतलेलं पाणी अप्पारावांच्या तुळशीला. मी बंगाली बाबूला हे हिंदीत समजावलं. त्यानं डोळ्यातला साबण पुसत विचारलं, दोनदा आंघोळ केली तर? आक्का न विचारताच समजल्या. "त्याला सांग, डोस्क्यावरून एकदाच. कलकत्त्याला जाऊन दुसरी कर मनावं."

"मग आक्का, नेऊन द्यायचं का प्रत्येक खोलीत?" महादेवीनं विचारलं आणि घागरीकडे हात नेला.

"हात लावू नको!" आक्का कडाडल्या. "बसूनं शब्द दिलाय. चार दिवस आपन घागर उचलायची न्हाई. पानी आमी दिलं. उचलायचं ज्याचं त्यानं बगावं."

आणि त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर पदर सावरून बसल्या. बाकीच्या बायका त्यांच्या मागे बसल्या. मी एक बादली उचलली. अप्पारावांनी दुसरी. बंगाली बाबूनं धोतराचा काचा मारला आणि घागर खांद्यावर घेतली. आम्ही जिना चढत-उतरत होतो आणि वरून सूचना येत होत्या, "सांडू नका! हळू! त्या कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारं मानूस हाय, त्याला आधी!" अप्पारावांची लुंगी भिजली, तसा एवढा हशा झाला की शेवटी तेही हसले. आयुष्यात इतक्या बायका एकाच वेळी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मार्केटच्या त्या लाइनीत तर कधीच नाही.

दुपारी अप्पारावांना चुलीवरची पिठलं-भाकरी आणि कारळाची चटणी मिळाली. खोल्या खाली करायचं ते पुन्हा बोलले नाहीत.

ऊन उतरल्यावर आम्ही समुद्रावर गेलो. गल्ली संपली आणि तो एकदम समोर आला. सगळ्याजणी थबकल्या. कुणी हात जोडले. आक्का कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"एवढं कुणी भरून ठिवलं गं, महादेवी?"

महादेवी हसता हसता वाळूत बसली. मग सगळ्याजणी एकमेकींचे हात धरून पाण्यात शिरल्या, नऊवारी लुगडी फुगली, लाट आली की किंचाळायच्या आणि गेली की पुढे सरकायच्या. आक्का काठावर पाय पसरून बसल्या. लाट मांडीवर आली तरी उठल्या नाहीत. मी लांब उभा होतो. मला माझ्या आईची फार आठवण आली, आणि मी फार खूशही होतो. दोन्ही एकदम होतं, हे मला तिथं कळलं.

मोटर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली. त्यानंतर बायकांनी काही भरून ठेवलं नाही. आक्का मात्र मधूनच नळ सोडून बघायच्या आणि लगेच बंद करायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काई न्हाई. हाय का बगलं."

निघायच्या दिवशी पहाटे मी अंगणात आलो तर आक्कांच्या हातात भरलेली बादली.

"आक्का! शब्द माझा होता, मोडलात तुमीच?"

"ही घागर न्हाई रं, बादली हाय," त्या म्हणाल्या. "अन् ही हौसंची हाय."

आणि त्यांनी ती सरळ लॉजच्या दारात ओतली. मागून दुसरी आली, तिसरी आली. सगळं अंगण, मग रस्ता, शेजाऱ्याच्या दारासकट. त्यावर बायकांनी पांढरीशुभ्र रांगोळी घातली. शेजारी बाहेर आला, बघत राहिला आणि अप्पारावांना काहीतरी म्हणाला. दोघं बऱ्याच दिवसांनी बोलत असावेत, कारण दोघांनाही जमत नव्हतं.

पार्टी हसत परतली. माझी खुर्ची जागेवर राहिली. इनामदारसाहेबांनी मला सी-फेसिंगबद्दल विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बायकांना खिडकीतून बघायचं नव्हतं, त्यांना त्यात बसायचं होतं.

त्यानंतर मी पुष्कळ शहरांत पार्ट्या उतरवल्या. पद्धत तीच ठेवली. पहाटे उठून गल्ल्या हिंडायच्या, सडा कसा टाकतात ते बघायचं, मग लॉजवाल्याशी बोलायचं. एक भर घातली. पार्टी आमच्या भागातली असेल तर लॉजवाल्याला आधीच सांगतो, जास्तीच्या बादल्या कुलपात ठेवा.

पुढच्या वर्षी पावसानं मेहेरबानी केली आणि मी दुसरी पार्टी घेऊन त्याच लॉजवर गेलो. गच्चीवर जुन्या टाकीशेजारी एक नवी, मोठी सिमेंटची टाकी उभी होती. मी चहा पीत असताना खालून अप्पारावांनी गच्चीकडे तोंड करून हाक दिली, "उदगीर निंडिंदा?"

तेवढं तेलुगू मलाही येतं. उदगीर भरली का, असं ते विचारत होते. लॉजमधले सगळे त्या टाकीला त्याच नावानं हाक मारतात, असं मला कळलं.

घरी आल्यावर मी हे आक्कांना सांगितलं. त्या दारात बसून ज्वारी पाखडत होत्या. हातातलं सूप थांबलं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "भरलं व्हतं का उदगीर?"

"काठोकाठ, आक्का," मी म्हणालो. "वरून सांडत होतं."